लेमूरच्या शेपटीचं टोक काळं की पांढरं? (टॉवेलवर विणायचाय)

जकार्डवाला, सोलापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडाच आहे, हसायचं तर हसा पण उत्तर द्या.

मी पूर्व भागात टेरी टॉवेलची डिझाइनं काढतो. म्हणजे ग्राफवर चौकोन भरायचे आणि त्यावरून पुठ्ठ्याची कार्डं पंच करून द्यायची. बावीस वर्षं झाली. मोर, हत्ती, कमळ, वाघ, गणपती, सगळं डोळे झाकून काढतो. कॉम्प्युटरवर पण येतं की, पण मी ज्या दोन कारखान्यांचं काम करतो तिथं अजून जुनीच जकार्ड आहेत, म्हणजे भोकांच्या कार्डांवर चालणारे माग, तिथं पुठ्ठाच लागतो.

गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं लहान पोरांच्या टॉवेलसाठी जनावर पाठवलं. लेमूर. नाव पहिल्यांदाच ऐकलं. फोटो आला तो पण नुसता तोंडाचा आणि छातीपर्यंतचा. पांढरं तोंड, डोळ्याभोवती काळे डाग, काळं नाकाड, आणि डोळे म्हणजे अक्षरशः हळदीचे. मागं शेपटीचा एक तुकडा दिसत होता, काळे-पांढरे पट्टे, आणि वर फोटोच कापलेला. म्हटलं दोनच रंगांचं काम आहे, सोपं आहे. मी अंदाजानं 9 वळी घातली, शेवट पांढऱ्यानं केला. पांढऱ्यानं का, तर मागची जमीन करडी होती, त्यावर पांढरं टोक उठून दिसतं. नमुना विणला, पाठवला. दुसऱ्या दिवशी फोटो परत. शेपटीच्या टोकाला लाल गोल आणि खाली एकच शब्द, "चूक". बरोबर काय ते सांगायला पैसे पडत होते की काय कुणास ठाऊक.

आता माझे प्रश्न.

वळी नक्की किती? टोक काळं का पांढरं? आणि अडचण अशी की टेरीत लूप असतो, कडा फुटते. पट्टा चार ओळींच्या आत गेला की काळं-पांढरं एकमेकात मिसळून नुसता राखेचा ढीग दिसतो. पाच ओळी तरी पाहिजेतच. माझं जनावर बसलेलं आहे, धड 95 ओळींचं आणि शेपूट 60 ओळींची. त्यात जास्त वळी बसणार कुठं?

अजून एक, हे कामाचं नाही, पण घरात वाद चाललाय म्हणून विचारतो. पोरगी म्हणते हे माकड. बायको म्हणते मांजर. आणि आमच्या अव्वाला (आजी, वय 86, माहेर कडप्याकडचं) फोटो दाखवला तर चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "देवांग पिल्ली." पिल्ली म्हणजे तेलुगूत मांजर. तिच्या लहानपणी हात बघून भविष्य सांगणारा एक जण असलं जनावर खांद्यावर घेऊन दारात यायचा म्हणे. मी म्हटलं अव्वा, हे परदेशातलं आहे. तर म्हणाली, "तू बघितलायस का, मी बघितलाय."

माळढोक_शोधक

टोक काळं. बाकी जाणकार सांगतील. मी नान्नजच्या अभयारण्यात दहा वेळा जाऊन ज्याच्यासाठी जातो तो पक्षी एकदा पाहिलाय, माझ्यावर फार विसंबू नका.

निवृत्त मास्तर, होटगी रोड

जकार्डवाले, तुमचा प्रश्न अजिबात येडा नाही. एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, पण शेपटीचं टोक कुणी विचारलं नव्हतं. मुलं फार तर "परीक्षेला येणार का" एवढंच विचारायची.

आधी कामाचं. तुमच्या फोटोतला आहे तो वळ्यांच्या शेपटीचा लेमूर, शास्त्रीय नाव लेमूर कॅटा. पांढरी वळी 12 किंवा 13, काळी 13 किंवा 14, आणि टोक नेहमी काळं. तुम्ही 13 पांढरी आणि टोकासकट 14 काळी धरा, म्हणजे 27 पट्टे होतात. धडाकडची सुरुवातही काळ्यानं, शेवटही काळ्यानं.

जागेचं म्हणाल तर चूक पट्ट्यांत नाहीच, लांबीत आहे. तुम्ही शेपूट मांजराची काढलीत. या लेमूरचं डोकं-धड मिळून 39 ते 46 सेंटीमीटर, आणि शेपूट 56 ते 63. अंगापेक्षा शेपूट जवळजवळ दीडपट. तुमचं धड 95 ओळींचं असेल तर शेपूट 135 च्या आसपास यायला हवी. 27 पट्टे, प्रत्येकी 5 ओळी. गुणाकार तुम्हीच करा.

आता एवढी लांब शेपूट कशासाठी? फांदीला गुंडाळून लोंबकळायला नाही, ती पकड त्या शेपटीत नाही. तोल सांभाळायला उपयोग होतोच. पण हा लेमूर त्याच्या भाऊबंदांपेक्षा जमिनीवर पुष्कळ जास्त वेळ काढतो, आणि टोळी चालायला लागली की प्रत्येकाची शेपूट उभी, टोकाशी जराशी वळलेली. झाडोऱ्यातून जनावर दिसत नाही पण काळ्या-पांढऱ्या काठ्या चालताना दिसतात. वारीत दिंडीच्या पताका बघून आपण आपल्या माणसांना शोधतो तसं. तेव्हा तुमचा लेमूर बसलेला असला तरी शेपूट खाली गुंडाळू नका, वर जाऊ द्या.

भांडणातही शेपूटच. नराच्या मनगटाच्या आतल्या बाजूला आणि काखेजवळ छातीवर वासाच्या ग्रंथी असतात. दोन नर समोरासमोर आले की स्वतःची शेपूट पुढे ओढून मनगटांतून घासून घेतात, चांगली माखतात, आणि मग डोक्यावरून समोरच्याच्या दिशेनं फडफडवतात. चावा नाही, बोचकारा नाही, नुसता वास. जो मागे सरेल तो हरला. आणि एवढं करून राज्य नराचं नाहीच. टोळीत मादीचं चालतं. चांगलं फळ आधी ती खाते, नराच्या हातातलं काढून घेते, वर एक टप्पल देते. सस्तन प्राण्यांत हे फार थोड्या ठिकाणी आढळतं. ॲलिसन जॉली या संशोधिका 1963 साली लेमूरच्या मुलखात, आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावर गेल्या, बेरेंटी नावाच्या जागी या टोळ्यांमागे बसून राहिल्या आणि त्यांनी हे पहिल्यांदा नीट नोंदवलं. त्या काळी माकडकुळात नरच म्होरक्या असतो हे इतकं गृहीत धरलेलं होतं की त्यावर विश्वास बसायलाही वेळ लागला.

तुम्ही माग जाणता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. लेमूरच्या तोंडात फणी असते. थट्टा नाही. खालच्या जबड्याचे पुढचे सहा दात बारीक, लांब, एकमेकांना चिकटून पुढे आडवे झुकलेले असतात. त्यांनी तो स्वतःची आणि दुसऱ्याची लव विंचरतो. फणीत केस अडकणार, ते काढायला जिभेच्या खाली आणखी एक छोटी कडक जीभ असते. तुमच्याकडे फणी साफ करायला ब्रश लागतो, त्यानं तो बरोबरच आणलाय. शिवाय पायाच्या दुसऱ्या बोटाला नखाऐवजी नखी, कान खाजवायला. बाकी बोटांना आपल्यासारखी चपटी नखं.

यावरून घरातला वादही मिटेल. मांजर नक्की नाही. माकडही नाही. माणूस, माकड, लेमूर ही सगळी एकाच मोठ्या कुळातली, पण लेमूरची फांदी फार आधी वेगळी झाली. नाक बघा, कुत्र्यासारखं ओलं असतं. माकडाचं आणि आपलं कोरडं. पत्नीला सांगा, त्यांची चूक झाली ती प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियससारख्या थोर माणसाचीही झाली. नावातलं "कॅटा" मांजरावरूनच आलंय आणि हा प्राणी आवाजही म्यावसारखा काढतो.

राहिली अव्वा. जकार्डवाले, अव्वांना नमस्कार सांगा. त्यांनी बघितलं ते खरंच होतं. देवांग पिल्ली म्हणजे लोरिस, सडपातळ लोरिस. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो. कडप्याकडच्या शेषाचलमच्या डोंगरात आजही आहे. पाव किलोच्या आसपास वजन, काटकुळे हातपाय, तोंडभर डोळे. रात्री फांदीवरून इतका सावकाश चालतो की पान हलत नाही, आणि किडा टप्प्यात आला की झटक्यात पकडतो. तोंडात तीच फणी, पायाला तीच नखी. लेमूरचा सख्खा नाही तरी चुलतभाऊ. भविष्यवाले, जादूटोण्यावाले त्याला पकडून हिंडवायचे, त्याच्या डोळ्यांचं औषध करायचे. आता तो 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तामिळनाडूनं 2022 साली करूर आणि दिंडिगल जिल्ह्यांत कडवूरचं अभयारण्य खास त्याच्यासाठी जाहीर केलं, देशातलं तशा प्रकारचं पहिलं.

आणि खरी गंमत पुढे आहे. लिनियसनं "लेमूर" हा शब्द प्राण्यासाठी प्रथम वापरला 1754 साली, तो याच लोरिससाठी. मादागास्करचा शेपटीवाला त्या नावाखाली आला 1758 मध्ये. पुढे वर्गीकरण बदलत गेलं, लोरिसला तिथून काढलं, नाव शेपटीवाल्याकडे राहिलं. म्हणजे पहिला लेमूर अव्वांच्या दारात आलेला होता. लेमूरेस म्हणजे रोमन लोकांची भुतं, घरात फिरणारे अतृप्त पितर. मे महिन्यात त्यांचे तीन दिवस असायचे. घरचा कर्ता मध्यरात्री अनवाणी उठून काळ्या शेंगांचे दाणे पाठीमागे टाकत जायचा, वळून बघायचं नाही. आपल्याकडे काळे उडीद टाकतात त्याची आठवण होते. रात्री हिंडतो, हळू चालतो आणि थोडा माणसासारखा दिसतो, म्हणून हे नाव दिलं असं लिनियसनं स्वतः लिहून ठेवलंय.

जकार्डवाला, सोलापूर

सर!! 27 गुणिले 5 बरोबर 135. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं. म्हणजे शेपूट बारीक करायची नव्हती, लांब करायची होती. एवढं साधं. बावीस वर्षांत जनावर ग्राफमध्ये बसवायला मीच कापत आलोय, या गड्यासाठी ग्राफ वाढवावा लागणार.

फणीचं कारखान्यात सांगितलं. जॉबर म्हणाला, मग त्याला कामाला घ्या.

अव्वाला पण सांगितलं. तिला काहीच आश्चर्य वाटलं नाही.

दक्षिणदिशा

सर, एक राहिलं. भारतात लोरिस, मादागास्करला लेमूर, मध्ये एवढा समुद्र. याचा अर्थ दोन्हीकडं जोडलेला भूखंड होता, जो बुडाला. लेमुरिया नाव ऐकलं असेल. लेमूर मूळचे आपल्याकडचेच, इथून तिकडं गेले. आपल्या लोकांना हे कुणी शिकवत नाही.

निवृत्त मास्तर, होटगी रोड

शिकवलं जातं हो, पण ते कसं मोडीत निघालं तेही शिकवलं जातं, आणि तो तास बहुधा मुलं बुडवतात.

लेमुरिया हे नाव दिलं फिलिप स्क्लेटर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं, 1864 साली. त्याच्यापुढे कोडं होतं ते तुमचंच. भूखंड सरकतात ही कल्पना तेव्हा नव्हती, मग जमीन बुडवण्यावाचून इलाज नव्हता. त्या काळाच्या मानानं तर्क वाईट नव्हता. वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञानं खंड सरकल्याचं मांडलं 1912 मध्ये, आणि ते सगळ्यांच्या गळी उतरायला आणखी पन्नास वर्षं गेली. तोवर लेमुरिया शास्त्रातून निघून अध्यात्मवाल्यांकडे आणि तिकडून तामिळ अस्मितेकडे पोचलेला होता. तिथून तो परत यायला तयार नाही.

तुमच्या म्हणण्यात अर्धं खरं आहे. भारत आणि मादागास्कर खरंच एकमेकांना चिकटलेले होते. जमीन बुडाली नाही, भारतच निघून आला. पण कधी, ते बघा. आफ्रिकेपासून ही जोडी सुटली सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वी. भारत मादागास्करपासून सुटला सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा डायनोसॉर होते. लेमूर नव्हते, लोरिस नव्हते, त्यांच्या आजे-पणज्यांचाही पत्ता नव्हता. गाडी सुटून गेल्यावर जन्मलेला माणूस त्या गाडीत बसला होता असं म्हणण्यासारखं आहे हे.

पुरावा लांब शोधायला नको. आपल्या सोलापुरात विहीर खणताना जो काळा फत्तर लागतो, ज्याच्यावर सुरुंगाशिवाय काही चालत नाही, तो साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. भारत उत्तरेकडे सरकत असताना खालच्या एका तप्त जागेवरून गेला आणि दख्खनभर हा लाव्हा पसरला. ती तप्त जागा आजही धगधगते आहे, रियुनियन बेटाखाली. आणि रियुनियन कुठे, तर मादागास्करच्या पूर्वेला सुमारे 700 किलोमीटरवर. म्हणजे आपल्या पायाखालचा दगड त्यांच्या शेजारच्या चुलीवरचा आहे, पण लेमूर आपल्याकडचे नाहीत.

मग ते तिथे गेले कसे? आफ्रिकेतून, वाहत. 5-6 कोटी वर्षांपूर्वी. पुरात नदीकाठची झाडं मुळासकट, मातीच्या गड्ड्यासकट समुद्रात जातात. अशा तरंगत्या गठ्ठ्यावर काही प्राणी अडकले, 400 किलोमीटरचं पाणी ओलांडून पलीकडे लागले. ऐकायला थापच वाटते, मलाही वाटायची. पण त्या काळी मादागास्कर आजच्यापेक्षा दक्षिणेला होतं आणि सागरी प्रवाह पूर्वेकडे, म्हणजे बेटाकडे वाहत होता, असं पुढे गणितानं दाखवलं गेलं. शिवाय बेटावर काय नाही ते बघा. मूळची माकडं नाहीत, हत्ती नाहीत, हरणं नाहीत, वाघ-सिंह नाहीत. चालत जायचा रस्ता असता तर हे सगळे मागोमाग गेले असते. गेले ते मोजकेच, जे असा प्रवास तगून करू शकले. लहान अंगाचे, कदाचित झोपाळू. आजही तिथला एक जाड शेपटीचा बुटका लेमूर शेपटीत चरबी साठवून वर्षातले सात महिने झाडाच्या ढोलीत पडून राहतो. अशा जनावराला तराफ्यावर ठेवलं तर तक्रार करणार नाही.

एका खेपेच्या त्या पाहुण्यांतून पुढे शंभराहून जास्त जाती झाल्या. 30 ग्रॅमचा उंदीर-लेमूर आहे, आपल्या मुठीत बसेल. गोरिलाएवढा आर्किओइंड्रिस होता, तो माणूस पोचल्यावर संपला. आणि आय-आय नावाचा एक आहे, त्याचं मधलं बोट तारेसारखं बारीक, त्यानं फांदीवर टकटक करत पोकळी ओळखतो, दातांनी भोक पाडतो आणि त्याच बोटानं आतली अळी ओढून काढतो. दात उंदरासारखे कायम वाढणारे. युरोपातल्या पंडितांनी त्याला बरीच वर्षं खारीच्या खात्यात घातलं होतं. तुमच्या गिऱ्हाइकानं आय-आय मागितला नाही हे नशीब समजा, तो टॉवेलवर बघून पोरं अंघोळ सोडतील.

नवा_मेंबर_07

भारी दिसतोय. असला पाळायला मिळतो का? कितीला?

माळढोक_शोधक

नाही. सगळ्या लेमूरांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे, वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटीस कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. मांजर पाळा, म्यावच करतं.

ताना_रिटर्न, सध्या पुणे

मी मूळची सोलापूरची, सात रस्त्याजवळची. नवऱ्याच्या नोकरीमुळं चार वर्षं अंतानानारिवोत होते, तिकडं सगळे तानाच म्हणतात. धागा वाचून राहवेना.

पहिलं सांगते ते उन्हाळ्याचं. आपला उन्हाळा म्हणजे गुलमोहर, बरोबर? विजापूर रोडनं जाताना एप्रिल-मे मध्ये डोळे दिपतात. तो गुलमोहर मूळचा मादागास्करचा. सदाफुली, तुळशीवृंदावनाशेजारी आपोआप येणारी, ती पण तिथलीच. मी तिथं पोचल्यावर पहिल्या आठवड्यात रडत होते, आणि फाटकाबाहेर सदाफुली दिसली. आईला फोन करून सांगितलं, तर आई म्हणाली, मग आता कशाला रडतेस.

दुसऱ्या वर्षी जुलैत दक्षिणेला बेरेंटीला गेलो, सरांनी लिहिलंय तिथंच. घायपाताच्या मळ्यांतून तासन् तास लाल धूळ खात जायचं, दोन्हीकडं निवडुंग आणि काटेरी झाडं. नवरा म्हणाला, मंगळवेढ्याला निघालोय का आपण? आणि मग एकदम नदीकाठी दाट सावली. जवळ जाऊन पानं बघितली तर चिंच! मोठमोठी, शंभर वर्षांची असतील अशी. तिकडं तिला किली म्हणतात. लेमूर त्याच चिंचांवर जगतात. पिकलेली चिंच, कच्ची चिंच, कोवळा पाला, सगळं. एक मादी माझ्यापासून दोन हातांवर बसून आकडा फोडत होती. दोन्ही हातांत धरून, दाताच्या कडेनं टरफल काढून, चोखून, चिंचोका टाकून. आंबट लागल्यावर मान जराशी झटकली, अगदी आपण झटकतो तशी. एक नर जवळ आला तर तिनं न बघता एक चापट मारली आणि परत चोखायला लागली. मास्तरांनी लिहिलेलं वाचलं आणि ती चापटच ऐकू आली.

तिथला जुलै म्हणजे हिवाळा, रात्री हुडहुडी भरते. सकाळी ऊन आलं की ही सगळी मंडळी झाडांखालून मोकळ्यावर येतात, ढुंगण टेकून बसतात, हात दोन्ही बाजूंना पसरून पोट उन्हाकडं. डोळे अर्धे मिटलेले. ओळीनं पंधरा-वीस जण. पाठीची लव करडी, थोडी तपकिरी, पण पोट पांढुरकं आणि तिथली लव विरळ, ऊन लवकर आत जातं. संक्रांतीला सकाळी गच्चीत बसून आमचे आजोबा असंच ऊन खायचे, बनियन वर करून. मला हसू आवरेना. जकार्डवाले दादा, तुम्ही बसलेला काढताय ना, मग असा काढा की! हात पसरलेला. टॉवेलला याच्याइतकं शोभणारं दुसरं काय असणार, अंघोळ करून ऊन खायला बसल्यासारखं.

तिथले लोक याला माकी म्हणतात. माझ्या मुलीनं ते माकड असंच धरून ठेवलं होतं.

अंदासिबेच्या रानात इंद्री नावाचा लेमूर पण ऐकला. बघितला म्हणायला थोडासा बघितला, काळा-पांढरा, शेपूट जेमतेम बोटभर. पण ऐकला! धुक्यात एक टोळी गायला लागते, लांबलचक, वर चढत जाणारा सूर, मग पलीकडच्या डोंगरावरून दुसरी टोळी उत्तर देते. मैलभर लांबून छातीत घुमतं. प्राणिसंग्रहालयात तो जगत नाही, म्हणून तिथं जाऊनच ऐकायचा. आमचा वाटाड्या त्याला बाबाकोतो म्हणायचा, आणि त्याला मारणं त्यांच्यात निषिद्ध. फादी म्हणतात त्याला, आपल्याकडं देवराईतलं झाड तोडत नाहीत तसं. पण रानच जाळून भात पेरला, कोळसा पाडला तर फादी कुठं पुरणार. परत येताना रस्त्याच्या कडेला कोळशाची पोती मैलच्या मैल उभी. धोक्यातल्या प्राण्यांच्या 2020 च्या लाल यादीत लेमूरच्या 107 पैकी 103 जाती धोक्यात दाखवल्यात. त्या पोत्यांमागं बसलेल्या बाईच्या पोराच्या अंगावर धड शर्ट नव्हता, तिच्यावर मी काय चिडणार.

जकार्डवाला, सोलापूर

ताई, सर, सगळे. तीन आठवडे गायब होतो, कारण हेच काम चाललं होतं.

ताईंचं ऐकून हात पसरलेला काढला. धड 95 ओळी तसंच ठेवलं. शेपूट पाठीमागून निघून डाव्या बाजूनं वर जाते, टोकाला प्रश्नचिन्हासारखी वळते, 135 ओळी. 14 काळी, 13 पांढरी, टोक काळं. वळणावर फार मार खाल्ला. सरळ शेपटीत पाच ओळी म्हणजे पाच ओळी, पण वळली की आतल्या कडेला तीनच राहतात आणि बाहेरच्या कडेला सात होतात. आतल्या कडेचा परत राखेचा ढीग. शेवटी वळण मोठं केलं, म्हणजे शेपूट अजून पसरली आणि "सोलापूर" लिहायची खालची पट्टी काढावी लागली. कारखानदार थोडा नाराज झाला. म्हटलं, शेठ, जनावरच असं आहे.

आता गंमत ऐका. आमचा टॉवेल दोन्ही अंगानं विणला जातो. पुढं जिथं काळा लूप वर, तिथं मागं पांढरा. म्हणजे मागून सगळं उलटं दिसतं. इतकी वर्षं काढतोय, मोर उलटा झाला तरी मोरच दिसतो, कमळाचं काय बिघडत नाही. हा गडी उलटा केला आणि कारखान्यात सगळे गप्प. तोंड काळंकुट्ट, त्यात डोळ्याभोवती दोन पांढरेफटक खड्डे, हात पसरलेले. रात्रपाळीचा पोरगा म्हणाला, हे मी रात्री एकटा विणणार नाही. मला सरांचे ते अनवाणी दाणे टाकत जाणारे आठवले. बरोबर नाव ठेवलंय त्या माणसानं.

गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. पुढची बाजू पास. मागच्या बाजूबद्दल त्यांनी विचारलं, हे मुद्दाम केलंय का? मी हो म्हणालो. 600 नगांची ऑर्डर आली.

पहिला नग घरी आणला. बायको अजून मांजरच म्हणते. पोरगीनं वळी मोजली, 27 भरली. अव्वाच्या मांडीवर टॉवेल ठेवला. तिनं बोट फिरवत फिरवत तोंड बघितलं, डोळे बघितले, मान डोलावली. मग बोट शेपटीवर आलं आणि वर वर जायला लागलं, वळणावरून गेलं, काळ्या टोकापाशी थांबलं. लोरिसला शेपूटच नसते म्हणे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"देवांग पिल्लिकि तोका एक्कडिदि रा?" म्हणाली. देवांग पिल्लीला शेपूट कुठली रे? आणि टॉवेल घडी करून माझ्या हातात परत दिला.